पाहिलं कोणी?

बारावीला उत्क्रांतीचा धडा शिकवायला घेतला की दरवर्षी एक प्रश्न येतो. विचारणारा बदलतो, प्रश्न तोच. "मॅडम, पण हे पाहिलं कोणी?"

मागच्या बाकावरून आला तर त्यात वात्रटपणा असतो, पुढच्या बाकावरून आला तर खरी अडचण असते. वर्ग दोन्ही वेळा हसतो आणि मी दोन्ही वेळा अडखळते, कारण प्रामाणिक उत्तर 'कोणीच नाही' असं आहे. २०१८ च्या जानेवारीत, तेव्हाच्या औरंगाबादेत, एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी भाषणात हेच म्हटलं होतं. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही, तोंडी सांगितलेलंही नाही, तेव्हा डार्विन चूक. देशभर गदारोळ झाला, शास्त्रज्ञांनी निषेधाची पत्रकं काढली. ती बातमी वाचताना माझ्या मनात आलं, हा तर आमच्या वर्गातला प्रश्न, फक्त बाक जरा उंचावरचं.

आता खरं सांगायचं तर मी पाहिलंय. सिनेमात.

बीएस्सीला असताना पुण्यातल्या एका फिल्म क्लबात '२००१: अ स्पेस ओडिसी' पाहिला होता. मे महिना, खोलीत पंखा एकच आणि तोही प्रोजेक्टरवाल्याच्या डोक्यावर. स्टॅन्ली कुब्रिकचा हा चित्रपट १९६८ चा. सुरुवातीची वीसेक मिनिटं त्यात कुणी एक शब्द बोलत नाही. रखरखीत माळ, केसाळ अंगाची, वाकून चालणारी आपली पूर्वज मंडळी, आणि डबक्यावर हक्क कुणाचा यावरून दोन टोळ्यांची तणातणी. रात्री बिबट्याच्या धाकाने सगळी कपारीत एकमेकांना चिकटून बसलेली. एका सकाळी समोर काळी, गुळगुळीत शिळा उभी दिसते. घाबरत घाबरत सगळे तिला हात लावतात. नंतर त्यातला एकजण हाडांच्या ढिगाऱ्यात बसलेला असताना एक लांब हाड उचलतो, मान तिरकी करून त्याच्याकडे बघतो आणि उगाच हलकेच आपटतो. मग जरा जोरात. मग समोरच्या कवटीवर, दोन्ही हातांनी, जीव खाऊन. त्यानंतर शिकार, त्यानंतर डबक्यावरच्या शत्रूचा खून, आणि मग ते हाड आकाशात भिरकावलं जातं. खाली येता येता त्याच्या जागी अंतराळयान दिसतं.

बाहेर पडल्यावर मी मैत्रिणीला म्हटलं, "बघ, असा झाला माणूस." ती कॉमर्सची. म्हणाली, "असा? मारामारी करून?" तिला जे पहिल्या झटक्यात खटकलं ते मला जीवशास्त्र शिकत असूनही पुढची काही वर्षं खटकलं नव्हतं.

या चित्रपटातल्या बारीकसारीक चुका काढणं सोपं आहे. माळावर त्या मंडळींच्या मध्ये मध्ये टॅपिर चरताना दिसतात. डुकरासारखं अंग आणि सोंडेसारखं लवचीक नाक असलेलं हे जनावर मध्य आणि दक्षिण अमेरिकेत असतं, आग्नेय आशियात असतं, आफ्रिकेत नाही. बिबट्याचे डोळे दिवे लावल्यासारखे चमकतात, कारण हे सगळं चित्रण इंग्लंडमधल्या स्टुडिओत झालं आणि मागचा आफ्रिकेचा देखावा समोरून प्रकाश टाकून पडद्यावर उमटवला होता. तोच प्रकाश बिबट्याच्या डोळ्यांत शिरला. कुब्रिकने ते तसंच ठेवलं, आणि दिसतं तर झकास. असल्या चुकांना मी मनातल्या मनात 'टॅपिरच्या चुका' म्हणते आणि त्या माफ करते. काऊचं घर शेणाचं असं आजी सांगायची तेव्हा कावळा शेणाचं घरटं बांधत नाही म्हणून मी कधी भांडले नव्हते.

माफ करायला जड जातं ते त्या हाडाचं.

त्या हाडामागे एक खराखुरा माणूस आहे. रेमंड डार्ट, जोहान्सबर्गला शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक. १९२४ मध्ये टाँगच्या चुनखडीच्या खाणीतून त्याच्याकडे दगडांच्या पेट्या आल्या तेव्हा तो मित्राच्या लग्नासाठी कपडे चढवत होता. तसाच पेट्या उघडायला बसला आणि नवरदेव खोळंबला. एका दगडात चेहरा अडकलेला होता. बायकोच्या विणकामाच्या सुयांना धार लावून डार्टने तो आठवडेच्या आठवडे टोकरून मोकळा केला. आत तीन-चार वर्षांच्या एका पोराचा चेहरा होता, धड वानराचा नाही, धड माणसाचा नाही. १९२५ मध्ये त्याने त्याला ऑस्ट्रॅलोपिथेकस आफ्रिकानस असं नाव दिलं. मोठमोठ्या इंग्रज पंडितांनी त्याला वेड्यात काढलं आणि पुढे डार्टच बरोबर ठरला.

पण एकदा जगाविरुद्ध बरोबर ठरलेल्या माणसाला पुढच्या वेळीही आपलंच बरोबर असणार असं वाटू लागतं. माकापान्सगाटच्या गुहेत त्याला प्राण्यांच्या मोडक्या हाडांचा खच सापडला. काही ठरावीक हाडं पुष्कळ, काही जवळजवळ नाहीतच. डार्टने निष्कर्ष काढला की आपले पूर्वज हाडांचे सोटे, जबड्यांच्या करवती आणि शिंगांचे सुरे वापरत, आणि हत्या करता करताच वानराचा माणूस झाला. रॉबर्ट आर्ड्रे या नाटककाराने १९६१ मध्ये यावर खपाऊ पुस्तक लिहिलं. आर्ड्रे सिनेमाच्या पटकथाही लिहायचा, म्हणजे कल्पना पडद्यावर यायच्या आधीच पडद्याच्या माणसाच्या हातात पडली होती. दोन महायुद्धं आणि अणुबाँब पाहिलेल्या जगाला ती पटकन पटलीही. आपण असे का आहोत? कारण आपण असेच जन्मलो. एक प्रकारे सुटकाच ती.

तिकडे सी. के. ब्रेन नावाचा एक शांत माणूस नामिबियात, कुइसेब नदीकाठच्या वस्त्यांभोवती पडलेली बकऱ्यांची हाडं मोजत बसला होता. (कवट्यांचा अभ्यासक आणि आडनाव ब्रेन. कथेत असं नाव घातलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.) लोक बकरं कापून खात, उरलेली हाडं कुत्री चघळत. आपल्याकडे जत्रेनंतर माळावर जे दृश्य दिसतं तेच. ब्रेनने पाहिलं की शेवटी जी हाडं टिकून राहतात ती तीच, डार्टच्या गुहेत पुष्कळ सापडलेली. कठीण हाड टिकतं, मऊ हाड चघळून संपतं. ती कुणी निवडून ठेवलेली नव्हती, उरलेली होती.

मग स्वार्टक्रान्सच्या गुहेतली एक लहान मुलाची कवटी. मागच्या बाजूला दोन गोल भोकं. ब्रेनने त्या भोकांवर बिबट्याचा जबडा धरून पाहिला, खालचे दोन सुळे नेमके बसले. बिबट्या शिकार झाडावर नेतो, झाडं गुहांच्या तोंडाशी उगवलेली, खाल्लेलं खाली पडतं आणि गुहेत साठत जातं. पुढे डार्टच्या त्या पहिल्या पोराचाही छडा लागला. १९९५ मध्ये ली बर्गर आणि रॉन क्लार्क यांनी सुचवलं की त्याला मोठ्या गरुडाने उचललं असावं, आणि २००६ मध्ये त्याच्या डोळ्यांच्या खोबण्यांत तसेच ओरखडे दाखवले गेले, जसे आजही गरुडाने मारलेल्या माकडांच्या कवट्यांत दिसतात. ज्या चेहऱ्यापासून 'मारणारा वानर' सुरू झाला तो चेहरा मारल्या गेलेल्या लेकराचा होता.

मी जुन्नर तालुक्यात शिकवते. ऊस, द्राक्षं, टोमॅटो आणि बिबट्या हे आमच्याकडचं पीकपाणी. मुलं संध्याकाळी क्लासहून घोळक्याने परततात, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून. गेल्या वर्षी मी त्या स्वार्टक्रान्सच्या कवटीचं छायाचित्र वर्गात पडद्यावर लावलं आणि काहीच न सांगता विचारलं, ही भोकं कशाची असतील? शहरातल्या वर्गात भाला, बाण, गोळी अशी उत्तरं आली असती. इथे तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा लगेच म्हणाला, "बिबट्या." त्यांच्या गोठ्यातून दोन शेळ्या गेल्यात. मग जरा वेळ बघून म्हणाला, "मारतो मानंला धरून. पण वढत नेताना डोकं धरलं आसंल. बारकं व्हतं का, मॅडम?"

हो म्हटलं, लहान मूल होतं.

वर्ग गप्प झाला. याचा अर्थ आमच्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

गंमत अशी की कुब्रिकने बिबट्या दाखवला होता! कपारीतली ती रात्र, दूरची गुरगुर, उघड्या डोळ्यांनी पडून राहिलेली ती जोडपी. मला आज विचाराल तर सगळ्या चित्रपटातला शास्त्राला सर्वांत धरून असलेला भाग तो आहे. पण हाड हातात आलं आणि बिबट्या कथेतून निघून गेला. पडद्याला कर्ता लागतो. लाखो वर्षं भ्यालेला, लपलेला, निसटलेला प्राणी नायक म्हणून चालत नाही.

यात आपल्या भाषेनेही हात धुऊन घेतलेत. पुरातत्त्वावरच्या मराठी लिखाणात सर्रास 'दगडी हत्यारं' असतात. हत्यार म्हटलं की डोळ्यांपुढे मारामारीच येते. केनियातल्या लोमेक्वी इथली ३३ लाख वर्षांपूर्वीची दगडी अवजारं २०१५ मध्ये जाहीर झाली, त्यात आहेत जाड ओबडधोबड छिलके आणि ठोकायचे दगड. त्यांनी बहुधा काहीतरी कापलं, फोडलं, सोललं. पुढच्या काळातल्या हाडांवर तर मांस खरवडल्याच्या आणि मगज काढायला ठेचल्याच्या खुणा सरळ दिसतात, तेही बऱ्याचदा दुसऱ्या कुणी तरी मारलेल्या जनावरावर. माणसाच्या पहिल्यावहिल्या वस्तूला मी तर विळी म्हणेन. आमच्या तालुक्यातच, कुकडीच्या काठी बोरीला, ज्वालामुखीच्या राखेच्या थरासोबत अश्मयुगीन अवजारं सापडली आहेत. ती राख नक्की किती जुनी यावर अभ्यासक अजून भांडताहेत. एकदा मुलांना घेऊन गेले होते. त्यांना सगळ्यात नवल कशाचं वाटलं, तर माणूस सापडला नाही आणि त्याची विळी सापडली याचं.

दुसरी मोठी चूक चालण्याची. त्या माळावरची मंडळी वाकून, हात टेकत चालतात आणि शिळेच्या स्पर्शानंतर हळूहळू ताठ होतात. म्हणजे आधी डोकं चाललं, मग पाय. घडलं उलटं. १९७८ मध्ये टांझानियातल्या लाएतोलीला मेरी लीकीच्या चमूला ३६ लाखांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ओल्या राखेत उमटलेली पावलं सापडली. टाच, चवडा, अंगठा इतर बोटांशेजारी सरळ. मुंबईत पावसाळ्यानंतर ओल्या सिमेंटवरून कुणी गेलं की जशी उमटतात तशीच. त्या पावलांच्या वरच्या डोक्यात मेंदू मात्र चिंपांझीपेक्षा थोडासाच मोठा. पाय मोकळे झाल्यावर मेंदू वाढायला आणखी दहा-पंधरा लाख वर्षं गेली. कुब्रिकचा दोष नाही, त्याच्या वेळी ही पावलं जमिनीखालीच होती.

ही सबब पुढच्यांना नाही.

२०१४ मध्ये भाच्याला घेऊन मल्टिप्लेक्सात 'ल्यूसी' पाहिला. लूक बेसाँचा. माणूस मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो असं मॉर्गन फ्रीमन इतक्या भारदस्त आवाजात सांगतो की शेजारच्या काकांनी मान डोलावली. नायिकेच्या पोटात लपवलेलं औषध फुटतं, तिचा टक्का वाढत जातो आणि शंभर होईपर्यंत ती काळात मागे-पुढे फिरू लागते. भाच्याने कानात विचारलं, "मावशी, माझा किती टक्के चालतो?" परीक्षेच्या आदल्या रात्री बारा, म्हटलं.

मेंदू शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के असतो आणि बसल्या जागी शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. पुण्यात दहा खोल्यांचं भाडं भरून एकाच खोलीत राहणारा माणूस दाखवा, मग मी १० टक्क्यांवर विश्वास ठेवीन. निसर्ग एवढा उधळ्या असता तर असला महागडा अवयव टिकलाच नसता.

पण मला टोचलं ते नाव. खरी ल्यूसी इथियोपियात हदारला २४ नोव्हेंबर १९७४ रोजी डोनाल्ड जोहान्सन यांना सापडली. ३२ लाख वर्षांपूर्वीची, उंची जेमतेम साडेतीन फूट, सांगाड्याचा ४० टक्क्यांच्या आसपास भाग हाती आला. त्या रात्री छावणीत बीटल्सचं गाणं वाजत होतं म्हणून हे नाव पडलं. अम्हारिक भाषेत तिला डिंकिनेश म्हणतात, 'तू नवलाची आहेस'. तिचं महत्त्व एवढ्यासाठीच की ती छोट्या मेंदूनिशी दोन पायांवर चालत होती. जिने मेंदू पहिला नव्हता हे सिद्ध केलं तिचंच नाव मेंदूच्या टक्केवारीच्या सिनेमाला! शेवटी आधुनिक ल्यूसी काळात मागे जाऊन त्या केसाळ ल्यूसीच्या बोटाला बोट लावते. आपल्या अहल्येच्या गोष्टीत स्पर्श झाला आणि शिळेची बाई झाली. इथे कुब्रिकची शिळा आणि बेसाँची बाई, दोघंही स्पर्श करतात आणि वानराचा माणूस होतो. कथा म्हणून मला हे आवडतं. शापाला उःशाप असतो तसंच ते आहे. फक्त त्याला उत्क्रांती म्हणू नये.

आणि उत्क्रांती हा शब्द तरी कुठे निर्दोष आहे? उत् म्हणजे वर, त्यापुढे क्रम् हा पाऊल टाकण्याचा धातू. म्हणजे आपण शब्द उच्चारताच जिना चढायला लागतो. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत भिंतीवर तो तक्ता होता, सगळ्यांच्या असतो तो: डावीकडे वाकलेला वानर, मग जरा ताठ, आणखी ताठ, उजव्या टोकाला दाढी केलेला गोरा पुरुष. मूळ चित्र रुडॉल्फ झालिंगरचं, १९६५ मधल्या एका पुस्तकातलं. आत मजकुरात लिहिलेलं होतं की ही सरळ रांग नाही, पण मजकूर कोण वाचतो. शिवाय मराठीत आपण माकड, वानर, चिंपांझी सगळ्यांना एकाच दावणीला बांधतो. पाठ्यपुस्तकात 'कपी' असतो, पण कपी म्हटलं की मुलांना रथावरचा ध्वज आठवतो. त्यामुळे 'आपण माकडापासून झालो' हे वाक्य काही केल्या जात नाही, आणि 'मग आत्ताची माकडं माणूस का होत नाहीत' हा पुढचा प्रश्न त्याला शेपटासारखा चिकटून येतो. चिंपांझी आपला आजोबा नाही, चुलतभाऊ आहे. आपला आणि त्याचा खापरपणजोबा एक. भावकी म्हटलं की जुन्नरमध्ये लगेच कळतं.

त्याच १९६८ साली 'प्लॅनेट ऑफ द एप्स' आला. त्यात दोन हजार वर्षांत वानरं घोड्यावर बसून राज्य करायला लागतात. इतक्या कमी पिढ्यांत हे कसं, ते सोडा. ती अस्खलित इंग्रजी बोलतात आणि नायकाला शेवटपर्यंत शंका येत नाही की आपण नेमके कुठल्या ग्रहावर आहोत, हे मला जास्त अशक्य वाटतं.

'एक्स-मेन'मध्ये उत्परिवर्तनाने एकेका पोराला एकेक सिद्धी मिळते. डोळ्यांतून किरण, हातातून सुऱ्या. मी वर्गात सांगते, तुम्ही सगळे म्युटंटच आहात. प्रत्येक मूल आई-बापांत नसलेले सरासरी साठ-सत्तर नवे बदल आपल्या डीएनएत घेऊन जन्मतं. आमचा वर्ग ८० जणांचा, म्हणजे पाच हजारांच्या आसपास कोऱ्या करकरीत चुका बाकांवर बसलेल्या आहेत. बहुतेक निरुपद्रवी, काही त्रासदायक, एखादी कदाचित कामाची. पण कामाची आहे की नाही हे त्या मुलाच्या अंगात कधीच ठरत नाही. त्याची मुलं, त्यांची मुलं, दुष्काळ, रोग, कुणाचं लग्न कुणाशी झालं, यातून शेकडो पिढ्यांनी ठरतं. सिनेमाची गोची इथे आहे. कॅमेऱ्याला एक चेहरा हवा आणि दोन तासांत बदल हवा. जे वर्गात होतं ते तो एका बाकावर दाखवायला जातो.

'वॉटरवर्ल्ड' (१९९५) आठवतो? बर्फ वितळून सगळीकडे पाणी, आणि केव्हिन कॉस्टनरच्या कानामागे कल्ले. दापोलीजवळ मुरूडच्या किनाऱ्यावरून डॉल्फिन दाखवायला बोटी जातात. एकदा बोटवाल्याने इंजिन बंद केलं आणि अगदी जवळ 'फुस्स' असा आवाज झाला, दमलेल्या माणसाने टेकताना सोडावा तसा उच्छ्वास. राखाडी पाठ वर आली, गेली. डॉल्फिनचे पूर्वज पाच कोटी वर्षांपूर्वी जमिनीवरून पाण्यात उतरले. एवढ्या काळात त्यांचे पाय गेले, नाकपुडी टाळूवर गेली, पण कल्ले आले नाहीत. अजून श्वास घ्यायला वर यावं लागतं. एक लिटर हवेत २०० मिलिलिटरच्या वर ऑक्सिजन असतो, एक लिटर समुद्राच्या पाण्यात १० मिलिलिटरही नाही. गरम रक्ताच्या, मोठ्या मेंदूच्या प्राण्याचं त्यावर भागत नाही. कॉस्टनरचं भागलं, कारण तो फारसा विचार करताना दिसत नाही.

याच्या जोडीला एक खरी हकीकत. इंडोनेशियातले बजाऊ लोक पिढ्यान्‌पिढ्या बुडी मारून मासे धरतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांची प्लीहा शेजारच्या जमिनीवर राहणाऱ्या लोकांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी मोठी आढळली, आणि जे बजाऊ स्वतः बुडी मारत नाहीत त्यांचीही. बुडी मारली की प्लीहा आकसते आणि ऑक्सिजन भरलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. तिबेटी लोकांना विरळ हवेत तगवणारं जनुक तर त्यांना डेनिसोव्हा नावाच्या नामशेष मानवांकडून मिळालेलं दिसतं. आहेत की नाही सिद्धी? पण मोठी प्लीहा पडद्यावर दाखवणार कशी, आणि तिच्यावर पोस्टर कसं काढणार?

एका चित्रपटाला मात्र मी मनापासून दाद देते. जाँ-जाक अॅनोचा १९८१ चा 'क्वेस्ट फॉर फायर'. ८० हजार वर्षांपूर्वीची कथा, विझलेला अग्नी शोधायला निघालेले तिघं. पात्रांची भाषा कादंबरीकार अँथनी बर्जेसने बनवली आणि हावभाव प्राणिशास्त्रज्ञ डेस्मंड मॉरिसने बसवले. चुका त्यातही ढीगभर. अर्ध्या वानरांपासून आधुनिक माणसांपर्यंत सगळे एकाच माळावर नांदतात, जत्रेत सगळ्या गावांचे लोक दिसावेत तसे. पण शेवटी एका टोळीचा आडदांड नायक आणि दुसऱ्याच जातीच्या, पुढारलेल्या माणसांतली ती तरुणी एकत्र राहतात, आणि तिच्या वाढलेल्या पोटावर त्याचा हात असतो. तेव्हा अनेक अभ्यासकांना असा संकर घडला असेल असं वाटत नव्हतं. २०१० मध्ये स्वांते पेबो यांच्या गटाने निअँडरथल या नामशेष मानवांचा जनुकसंच वाचला आणि आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांमध्ये त्यांचा एक-दोन टक्के वारसा निघाला. २०२२ चं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं. करोनाच्या पहिल्या वर्षी त्यांनीच दाखवलं की आजार बळावण्याशी जोडलेला एक जनुकतुकडा निअँडरथलकडून आलाय आणि दक्षिण आशियात निम्म्या लोकांकडे आहे. पुढे भारतीय रुग्णांत तो संबंध तितका ठळक दिसला नाही, ते वेगळं. पण माझ्या अंगात कुठेतरी त्या पोटातलं पोर आहे, हे मी बातमी वाचून नव्हे, तो शेवटचा प्रसंग आठवून मानलं. सिनेमाने इथेही एकच जोडपं दाखवलं होतं. तरी ते पटलं, कारण त्यात कुणी कुणाला स्पर्श करून माणूस केलं नव्हतं. दोन माणसं राहिली एकत्र, बस.

तर यंदा तो प्रश्न पुढच्या बाकावरून आला. एका मुलीने नीट उभं राहून विचारलं, "मॅडम, हे पाहिलं कोणी?"

मी सिनेमा लावला नाही. म्हटलं, सगळ्यांनी उजवा हात बाकावर ठेवा, तळवा वर. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा. आता मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखी शीर वर येते का बघा. ती शीर नाही, एका स्नायूचा कंडरा आहे, म्हणजे त्याचं दोरीसारखं टोक. फांद्यांवर हातांच्या जोरावर हिंडणाऱ्या वानरांत तो भक्कम असतो. आपल्यात त्याचं काम इतकं उरलेलं नाही की शस्त्रक्रियेत दुसरीकडे कंडरा हवा असला तर डॉक्टर तो काढून वापरतात आणि पकडीत फरक पडत नाही. जगभरात सरासरी शंभरात पंधराएक जणांना तो नसतोच.

पाच मिनिटं वर्गात बाजार भरला. हात बाहीतून बाहेर, एकमेकांची मनगटं दाबून बघणं, "माझा बघ केवढा," "तुला नाहीच की रे," "मॅडम, हिला नाही, काही होणार का हिला?" जिला नव्हता ती घाबरली, मग तिच्या मागे आणखी दोघी निघाल्या तेव्हा हसली. मी फळ्यावर दोन रकाने आखले, आहे आणि नाही, आणि एकेक बाक करत रेघा ओढत गेले. प्रश्न विचारणारी मुलगी माझ्याऐवजी मोजायला लागली होती. शेळ्यावाला मुलगा शेवटच्या रांगेत बसला होता. त्याच्यापाशी आलो तेव्हा तो दोन्ही हात पुढे धरून बघत होता, एकदा हा, एकदा तो.

"मॅडम, माझ्या एका हातात हाय, एका हातात न्हाय. कुठल्या रकान्यात टाकू?"